शेजारची पट्टी

त्या पावसाला यायचं काही कारणच नव्हतं. ऊन असं पडलं होतं की सकाळी साच्यातून काढलेली वीट दुपारी कूस बदलायला तयार. मी शाळेतून आले, दप्तर खोलीत भिरकावलं आणि विटांच्या रांगेत शिरले. विटा उलटायचं काम माझं. ओली वीट आधी पाठीवर झोपते, मग कुशीवर, मग थप्पीत उभी राहते. तान्ह्या बाळासारखं तिचं सगळं बघावं लागतं. बाकीची माणसं एका वेळी दोन विटा उलटतात. मी एकच उलटते, पण माझा वेग बघा एकदा! माझा डावा हात कोपराच्या खाली चार बोटं येतो आणि थांबतो. जन्मापासून तसाच. त्या टोकाने वीट टेकवायची, उजव्याने फिरवायची, झालं. आवारातली सगळी मला 'दीड' म्हणतात, दीड हात म्हणून. शाळेत त्याचं 'दीडशहाणी' झालं. ते मात्र मी स्वतःच्या तोंडाने कमावलंय.

अर्ध्या रांगेत असताना वारा फिरला. आई साचा धूत होती. तिने मान वर केली आणि ओरडली, "कागद! कागद आण!"

प्लास्टिकचा कागद आमच्याकडे दोन रांगांपुरता. रांगा अकरा. बाबांनी एक टोक धरलं, मी दुसरं. माझं टोक वाऱ्याने हिसकलं. मी ते दातात धरलं, डाव्या हाताने दाबून धरलं, तरी कागद फडफडत सुटला तो थेट कुंपणावर. पाऊस वीस मिनिटंच आला. पण तेवढ्यात विटांचे कोपरे गेले, मग कडा, मग मधे खड्डे. पाऊस थांबला तेव्हा रांगा होत्या, विटा नव्हत्या. आई एका रांगेपाशी बसली आणि तळहाताने एक वीट चौकोनी करत राहिली. ती पुन्हा पसरली.

सकाळी मुकादम आला. चपला हातात, पाय घोट्यापर्यंत चिखलात.

"किती गेल्या?"

"सहा हजार," बाबा म्हणाले.

"थप्पीला लागेपर्यंत वीट थापणाऱ्याची. रीत माहितीये ना?"

"माहितीये."

"बारा तारखेला भट्टी पेटणार. त्याच्या आत पुन्हा थापून द्या." जाता जाता त्याने माझ्याकडे बघितलं. "आणि हिला कागद धरायला लावू नका."

मी काहीतरी बोलणार होते, पण आईने चिखलाचा हात माझ्या पायावर ठेवला. गप्प, असा त्याचा अर्थ. बारा तारीख म्हणजे माझ्यासाठी काय, ते मुकादमाला काय कळणार? बारा तारखेलाच माझी शर्यत होती.

शर्यतीचं असं झालं होतं. शाळेत चारशे मीटरची चाचणी होती, सहा मुलींची निवड व्हायची होती. मी सकाळीच बूट घालून हजर. मला खात्री होती, पहिल्या तिघींत येईन. खेळाच्या बाईंनी शिट्टी तोंडाजवळ नेली आणि परत खाली घेतली.

"तू नंतर पळ."

"का बाई?"

"अगं, गर्दीत धक्का लागला, तोल गेला, पडलीस, तर घरच्यांना उत्तर कोण देणार? तुझी वेगळी स्पर्धा असते. तिथे पाठवते की तुला."

मुली पळाल्या. मी बाजूला उभी राहून त्यांचे पाय बघितले. दोघी माझ्यापेक्षा नक्की जोरात होत्या, बाकीच्यांचं सांगता येत नव्हतं. तेच तर मला बघायचं होतं! मग बाई म्हणाल्या, "हं, आता तू." अख्ख्या मैदानात मी एकटी. मी पळाले. पोरींनी टाळ्या वाजवल्या. पळून आलेल्यांनाही पडल्या नव्हत्या इतक्या. काहीजणी तर उभ्या राहून वाजवत होत्या. मला इतकी लाज वाटली की शेवटचे पन्नास मीटर मी मुद्दाम हळू पळाले. त्या टाळ्या पळण्याला नव्हत्या. मी पडले नाही म्हणून होत्या.

त्या रात्री जेवताना मी आईला सांगितलं, "मला कुणाच्या तरी शेजारी पळायचंय."

"शेजारी कशाला? पुढे पळ की," आई म्हणाली.

"पुढे जायलासुद्धा कुणी शेजारी लागतं ना!"

आईने भांडी गोळा केली. "दीडशहाणी," ती म्हणाली, पण हळू.

बाईंनी शब्द पाळला, त्यांचं मला कौतुक आहे. फॉर्म आला. बारा तारीख, मोठं मैदान, बसने तीन तास. खाली लिहिलेलं: सोबत पालक हवेत, सही तिथेच करायची. पालक म्हणजे बाबा, कारण आईला बस लागते, ती दोन थांब्यांच्या पुढे उलटी केल्याशिवाय जात नाही. आणि बाबा म्हणजे आवारातले एकटे, ज्यांना भट्टी रचता येते. कोणती वीट किती अंतरावर, आगीला वाट कुठून, ते फक्त त्यांच्या बोटांना माहीत.

मग सुरू झालं थापणं. पहाटे बाबा चिखल तुडवायचे. आई उकिडवी बसून साचा भरायची, तळहाताने थापटायची, कडेची माती काढायची, साचा उचलून धावत जाऊन उपडा करायची. एका दिवसात आठशे वेळा. तिसऱ्या दिवशी तिची कंबर धरली, तेव्हापासून ती उठताना 'आई गं' म्हणायची. मी म्हणायचे, "तुझी आई इथे नाही, मी आहे." ती चिखलाचा गोळा फेकायची. माझी शाळा दहा वाजता. त्याआधी विटा उलटायच्या, त्याच्याही आधी पळायचं.

बाबांकडे रांगा सरळ आखायची दोरी असते. ती टाकून टाकून त्यांनी आवाराभोवती चारशे मीटर मोजून दिले होते. पाण्याच्या टाकीपासून निघायचं, राखेच्या ढिगाला वळसा, कुंपणाच्या कडेने जुन्या भट्टीमागून परत टाकी. पहिले चार दिवस आवारातलं कुत्रं माझ्या मागे धावलं. पाचव्या दिवशी त्याने टाकीपाशीच बसून बघितलं. सहाव्या दिवशी बघितलंही नाही. माणसांचंही तेच. पहिल्या आठवड्यात कुणी ना कुणी म्हणायचं, "दीड, कुणी मागे लागलंय का गं?" नंतर मी त्यांना दिसेनाशी झाले. जुन्या भट्टीमागे तर काहीच ऐकू यायचं नाही, फक्त माझे पाय आणि माझाच श्वास. मी तिथे कधी कधी बोलायचे. "चला, ही आली मागून, आता टाकते मागे!" असं. मोठ्याने. कुणी ऐकलं असतं तर भलतंच समजलं असतं.

खाली वाकून करायची सुरुवात तर मला जमत नव्हती. उजवा पंजा जमिनीवर, डाव्या हाताखाली हवा. खांदा डावीकडे कलायचा आणि पहिलं पाऊल तिरकं पडायचं. एका सकाळी मी तशी तीनदा कलंडले. चौथ्यांदा मान वर केली तर समोर बाबांचे पाय. गुडघ्यापर्यंत चिखल.

"तशीच थांब," ते म्हणाले.

त्यांनी काडी घेतली. माझ्या डाव्या हाताच्या टोकाखाली जमिनीवर उभी धरली, नखाने खूण केली, काडी मोडली आणि गेले. एवढंच. बाबा बोलायला लागले की समजायचं काहीतरी मोडलंय.

दोन दिवसांनी खोलीच्या मागे सावलीत एक वेड्यावाकड्या आकाराची वीट दिसली. वीट कसली, बुटका खांब! खाली रुंद, वर निमुळता, आणि वर मधोमध हाताचं टोक बसेल असा खळगा. वाळताना माती आकसते, म्हणून त्यांनी बोटभर उंच केली होती. भट्टीची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून ती चुलीत गेली. आठवडाभर आईचा जीव खाल्ला तिने.

"माझ्या चुलीत स्वयंपाक होतो का विटा शिजतात, कळेना झालंय!"

"फिरव जरा, एकाच बाजूने लागेल," बाबा बाहेरून म्हणायचे.

"फिरवली! पोरीला एवढं कधी फिरवलं नव्हतं अंगाखांद्यावर!"

वीट बाहेर आली ती एका अंगाने लाल, दुसऱ्या अंगाने काळी. मी टाकीपाशी नेऊन ठेवली, पंजा टेकला, डावा हात खळग्यात. खांदे एका रेषेत! मी सुटले ते बाण सुटावा तशी. बाबांनी फोनवर वेळ लावली होती. एक मिनिट अठरा. त्यांनी फोन मला दाखवला आणि चिखलात परत उतरले.

सहा हजार विटा आठ तारखेला पूर्ण झाल्या, थप्पीत उभ्या राहिल्या. पण रचणं बाकी होतं. बाबा मुकादमाकडे गेले, मी मागे मागे.

"बाराला मला जायचंय. अकराला रचून देतो."

"आणि पेटवायला कोण? मी?"

"बायको पेटवेल."

मुकादम हसला. "बायको!"

आई कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. पदराला हात पुसत म्हणाली, "का, मला बघून आग पेटत नाही का? घरात रोज पेटते की."

"बिघडली तर?"

"बिघडली तर रचणाऱ्याची," बाबा म्हणाले. मुकादमाने थोडा वेळ थप्पीकडे बघितलं आणि मान हलवली. ती हो म्हणून होती की वैतागून, ठाऊक नाही. आम्ही हो धरलं.

तीन दिवस बाबा उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत भट्टीवर होते. मी आणि आई डोक्यावरून विटा पोचवत होतो. मी डोक्यावर आठ नेते, एका हाताने धरून. अकराला संध्याकाळी बाबा वरून उतरले तेव्हा त्यांच्या बोटांची टोकं सोलली होती. आईने त्यांना तेल लावलं. मी झोपले नाही, म्हणजे झोपले, पण पळत पळत.

बसमध्ये वीट बाबांच्या मांडीवर पिशवीत होती. मैदान बघून मी गपगार झाले. लाल पट्ट्यांचं, गोल, खरं! आणि माणसं! चाकाच्या खुर्च्या, काठ्या, पायाला लोखंडी पातं लावलेला एक दादा, दोघी हातात हात घालून धावणाऱ्या, त्यातली एक आंधळी. कुणी माझ्या हाताकडे बघत नव्हतं. मला वाटलं, आज आपण इथले. आज माझ्या शेजारच्या पट्टीत कुणीतरी असणार, तिलाही डाव्या नाहीतर उजव्या बाजूला असाच अर्धा हात असणार.

टेबलामागे टोपी घातलेले साहेब होते. बाबांनी सही केली. साहेबांनी बोट यादीवरून खाली नेलं, परत वर नेलं.

"चारशे मीटर, मुली, हाताचा गट. तू एकटीच आहेस."

"बाकीच्या अजून यायच्यात?"

"बाकीच्या नाहीतच. एकच अर्ज आलाय. तिघी असल्याशिवाय शर्यत होत नाही."

मी यादी उलटी बघितली. एकच ओळ. तिच्याखाली पांढरा कागद.

साहेब वाईट नव्हते. माझा चेहरा बघून म्हणाले, "अगं, तोंड पाडू नकोस. लांबून आलीस. सोन्याचं पदक देतो तुला, प्रमाणपत्र देतो. तुझ्या गटात पहिली तूच. फोटो काढ, घरी जा."

"न पळता?"

"पळून तरी कुणाला हरवणार आहेस?"

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घे ना. देतायत तर घे." त्यांच्या डोळ्यांपुढे मुकादमाचं तोंड असणार. मलाही ते दिसलं. पदक गळ्यात घालून मी आवारात शिरतेय, तो चपला हातात घेऊन बघतोय. खरं सांगते, क्षणभर मला ते पदक भयंकर हवं होतं. पण मग मला शाळेच्या मैदानातल्या टाळ्या आठवल्या आणि कान गरम झाले.

"मुलांची याच गटाची शर्यत आहे?" मी विचारलं.

"आहे. चौघं आहेत."

"मला त्यांच्यात पळू द्या."

साहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "मुलांच्या शर्यतीत तुझा नंबर लागणार नाही. आणि नाव त्या कागदावर गेलं की या कागदावरचं खोडावं लागतं. म्हणजे पदक नाही, प्रमाणपत्र नाही. काही नाही. कळतंय का?"

"कळतंय."

"पोरं मोठी आहेत. शेवटची येशील."

मी बाबांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. मग साहेबांना म्हणाले, "ती पळायलाच आलीय."

साहेबांनी माझं नाव खोडलं. रेघ मारताना पट्टी घेतली त्यांनी.

सुरुवातीच्या रेषेवर चौघं होते. एकाचा हात खांद्यापासूनच नव्हता, तो तसाच तोल सांभाळत होता. बाकी तिघांनी पिशव्यांतून आपापली वस्तू काढली. एकाने रंगाचा रिकामा डबा, एकाने जुन्या टायरचे तुकडे बांधून केलेली गुंडाळी, आणि माझ्या शेजारच्या पट्टीतल्या उंच मुलाने लाकडाच्या चार पातळ फळ्या. प्रत्येकाने ती अर्ध्या हाताखाली ठेवली. मी बघतच राहिले. कुठल्या कुठल्या घरांत कुणी कुणी खाली बसून काडीने उंची मोजली होती! मला कुणी सांगितलं नव्हतं की अशी घरं आहेत.

बाबांनी वीट ठेवली.

"वीट?" डबेवाला म्हणाला. "अगं, घर बांधायला आलीस का?"

"तू रंगवणार असशील तर बांधते," मी म्हणाले. सगळे हसले. उंच मुलगा नाही हसला. तो माझ्या उजव्या हाताकडे बघत होता.

"पंजा टेकलायस. बोटांवर ये. पंजाने सुटायला उशीर होतो."

मी बोटांवर आले. उजवा खांदा वर गेला आणि डावा खालीच राहिला. वीट तीन बोटं कमी पडत होती. बाबा गुडघ्यांवर बसले, माझा हात बघितला, वीट बघितली. त्यांचा चेहरा उतरला.

"मी पंजा धरून मोजलं," ते म्हणाले. "आपला हात मातीवर सपाटच पडतो. बोटांचं माझ्या ध्यानातच आलं नाही."

"राहू दे बाबा, मी पंजानेच—"

उंच मुलाने पिशवीत हात घालून आणखी एक फळी काढली. "ही घे, विटेवर ठेव. माझी पुढच्या वर्षाची आहे. मी वाढतोय अजून."

बाबांनी फळी दोन्ही हातांनी घेतली. विटेवर बसवली, डुगडुगते का बघितलं, कडेला चिमूटभर माती दाबली. खांदे एका रेषेत आले.

पिस्तूल वाजलं.

पहिल्या वळणावर ते माझ्या पुढे गेले, चौघंही. मी जीव तोडून पळत होते आणि पुढे चार पाठी. डबेवाला जवळ होता, दहा पावलांवर. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, हुं हुं असा, बैलासारखा. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा श्वास! मागच्या सरळ पट्टीत मी चार पावलं कमी केली. तो वळून बघतो की नाही असं करत होता. शेवटच्या वळणावर पाय दगड झाले, तो पुन्हा सुटला. मी ओरडले, "थांब की रे!" तो पळता पळता हसला, मला त्याच्या पाठीवरून दिसलं. शेवटी सात पावलांनी त्याने मला हरवलं. कुणी माझ्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक पहिल्याकडे बघत होते. मी गवतावर आडवी पडले.

"वेळ किती?" मी बाबांना विचारलं.

त्यांनी खिशातून फोन काढला. आकडे अजून पळत होते. ते बंद करायचं विसरले होते.

"पाचव्याची आम्ही लावत नाही," रेषेवरच्या बाई म्हणाल्या.

अर्ध्या तासात सगळं पांगलं. डबेवाल्याची जीप गेली. उंच मुलगा पदक घेऊन कधी गेला दिसलाच नाही. फळी परत द्यायची राहिली. मैदानात माणसं पाण्याने रेषा धूत होती. बसमध्ये बाबा पुढच्या सीटवर झोपले. मी काचेला डोकं लावून बसले. शेजारची सीट रिकामी होती. मला वाटलं, पुढच्या वर्षीपर्यंत पुन्हा राखेचा ढीग, कुंपण, जुनी भट्टी.

आवारात शिरलो तेव्हा दिवस कलला होता आणि भट्टीच्या चारी तोंडांतून एकसारखा धूर निघत होता. बाबांनी धुराचा रंग बघितला, खांदे सैल सोडले. आई काजळलेल्या तोंडाने एका तोंडाशी बसून भुसा सारत होती. भुवया अर्ध्या जळल्या होत्या. मुकादम जवळच उभा होता. त्याने माझ्या गळ्याकडे बघितलं.

"काय, रिकामीच?"

आईने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "कितवी आलीस?"

"पाचवी."

"किती जणांत?"

"पाच."

मुकादम फस्सकन हसला. आईचा हात भुशात थांबला. "म्हणजे शेवटची?"

"हो, शेवटची!" मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला. "माझ्या पुढे चार जण होते, आई. चार!"

आई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने बाबांकडे बघितलं, खरं का खोटं ते विचारल्यासारखं.

बाबा भट्टीच्या तोंडाशी वाकले होते. "होते," ते म्हणाले. "एक तर अगदी जवळ होता."